मूळ पॅकिंगसह

प्रत्येक वस्तू आपला जन्मकाळ अंगावर वागवत असते आणि सत्याची चाड असलेल्या माणसाला तो वाचता आलाच पाहिजे, असं माझे वडील म्हणत. हे वाक्य ते अशा आवाजात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या पुढ्यात ताम्रपट आहे. पुढ्यात खेळण्यातल्या आगगाडीचं पुठ्ठ्याचं खोकं असे, आणि पुष्कळदा ते रिकामं असे.

वडील सौंसरच्या शाळेत इंग्रजी शिकवत. इंग्रज गेले तेव्हा छिंदवाड्याच्या बंगल्यांमधून सामानाचे लिलाव झाले. लोकांनी पलंग घेतले, आरसे घेतले. एका वकिलानं न्हाणीतला टब घेतला आणि पुढे त्यात संत्र्याची कलमं लावली. वडिलांनी चावीवर चालणारी एक विलायती आगगाडी घेतली, आणि कोणीच हात लावत नव्हतं म्हणून तिच्याबरोबर पडलेली डझनावारी खोकी. बंगल्यातल्या मुलांनी गाड्या मोडून टाकल्या असाव्यात, खोकी मात्र त्यांच्या आईनं जपून ठेवली असावीत. माझ्या आईनं मेजाखालच्या खोक्यांकडे बघून विचारलं, "हे काय करायचं?" वडील म्हणाले, "अभ्यास."

अभ्यास त्यांनी खरोखर केला. त्यांचं म्हणणं असं, की गाडी खोटं बोलू शकते. तिला रंग देता येतो, चाक बदलता येतं, मागे भलत्याच गाडीचा डबा जोडता येतो. खोकं कोणी रंगवत नाही. लढाईच्या आधीच्या खोक्याचा पुठ्ठा जाड, झाकणावर धुराचे लोट सोडत येणारं रंगीत इंजिन. लढाईनंतरचा पुठ्ठा हलका, चित्र लहान, रंग कंजूष. कोपरे तारेनं टाचलेले की नुसते चिकटवलेले, आत कागद कोणता, आणि सगळ्यात शेवटी बुडाशी दुकानदाराची चिठ्ठी. "गाडी म्हणजे साक्षीदार," ते म्हणत, "आणि खोकं म्हणजे पंचनामा."

हळूहळू बातमी पसरली. इंग्रजांनी मागे टाकलेल्या गाड्या बैठकीत मांडून ठेवायची बड्या घरांत तेव्हा टूम निघाली होती. नागपूरहून, छिंदवाड्याहून माणसं गाडी घेऊन येत आणि वडिलांना तिचं साल विचारत. म्हणजे साल त्यांनी आधीच ठरवलेलं असे. वडिलांनी फक्त मान हलवायची असे. वडील मान हलवत नसत. एक डॉक्टर आजोबांची म्हणून गाडी घेऊन आले. वडिलांनी खोकं उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "आजोबा कधी वारले?" डॉक्टरांनी सांगितलं. "मग ही गाडी त्यांना वर पोचती झाली असणार," वडील म्हणाले. त्यानंतर आईला ताप आला की आम्ही रामाकोन्याच्या वैद्याकडे जात असू.

पन्नास साली आमच्या प्रांताचं नाव बदललं. सी.पी. अँड बेरारचं, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडचं, एम.पी. म्हणजे मध्यप्रदेश झालं. वडिलांनी ही गोष्ट वैयक्तिक जबाबदारी म्हणून अंगावर घेतली. वर्गात इंग्रजी पत्र लिहिताना कोणी पत्त्यात सी.पी. लिहिलं तर ते बाकीचं पत्र वाचतच नसत. "आपण कुठं राहतो हे ज्याला माहीत नाही, त्यानं आजारपणाची रजा मागू नये." घरातल्या जुन्या पोस्टकार्डांवरसुद्धा त्यांनी सी.पी. खोडून एम.पी. केलं होतं. मग छप्पन साली पुन्हा गंमत झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. आम्ही जागचे हललो नव्हतो. राजधानीच नागपूरहून उठून भोपाळला गेली होती. सौंसरची माणसं हळहळली, मोर्चाची भाषा झाली, भाषणं झाली. वडील तेवढे त्यातल्या त्यात खूश दिसले. त्यांना एक नवी खूण सापडली होती. "नागपूर, एम.पी. अशी चिठ्ठी," ते मला म्हणाले, "पन्नासच्या आधी असू शकत नाही आणि छप्पनच्या नंतर असू शकत नाही. एवढी नेमकी खूण इंग्लंडात कोणाला मिळायची नाही."

मी हसले. पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी पांढुर्ण्याला गेले.

सौंसरवरून जाते ती रेल्वेची छोटी लाईन, पांढुर्ण्यावरून जाते ती मोठी. माझे सासरे मोठ्या लाईनीवर मालबाबू होते. म्हणजे पांढुर्ण्याहून जेवढी संत्री आणि कापसाच्या जेवढ्या गाठी जगात जायच्या, त्या त्यांच्या डोळ्यांखालून जायच्या. त्यांना आम्ही सगळे मामाजी म्हणत असू. माणूस मायाळू, पण छोट्या लाईनीबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात जरा करुणा यायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सूनबाई, इथं गाड्या मोठ्या आवाजानं जाऊन राहतात. भिऊ नको."

मालधक्क्यावर आयुष्य काढल्यामुळे त्यांचा एका गोष्टीवर अढळ विश्वास होता: मूळ पॅकिंग. माल फुटला, भिजला, हरवला, तरी मूळ पॅकिंग असल्याशिवाय नुकसानभरपाईचा दावा उभा राहत नाही. त्यामुळे आमच्या घरात कंदिलाचं खोकं होतं, छत्रीचं आवरण होतं, आणि माझ्या सासूबाईंच्या लग्नातल्या समईभोवतीचं गवतसुद्धा एका पिशवीत होतं. कोणावर दावा करायचा होता हे विचारायची सोय नव्हती.

बैठकीत एक काचेचं कपाट होतं. वरच्या फळीवर हिरवं इंजिन, दोन डबे, रचून ठेवलेले पत्र्याचे रूळ. खालच्या फळीवर त्यांचं खोकं. येणाऱ्या प्रत्येकाला मामाजी गाडीची हकीकत सांगत. सत्तेचाळीस साली रेल्वेचा गोरा साहेब विलायतेला निघाला. जाण्यापूर्वी शेवटच्या तपासणीला पांढुर्ण्याला उतरला, मालधक्का पाहिला, आणि आपल्या पोराची ही गाडी मामाजींच्या हातात ठेवून म्हणाला, "बाबू, खरी रेल्वे तुझ्याच्यानं चालली." रेल्वेतली जुनी माणसं आली की साहेब असं म्हणायचा. खादीवाले आले की साहेब म्हणायचा, "आता ही तुमची." एकदा शाळेचे हेडमास्तर आले तेव्हा साहेबाच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. शेवट मात्र कधी बदलत नसे. मामाजी खालच्या फळीकडे बोट करून म्हणत, "आणि मूळ पॅकिंगसह!"

घरात येऊन महिना झाला असेल. नवी सून म्हणून कपाट पुसायचं काम माझ्याकडे आलं. गाडी पुसली, खोकं पुसायला उचललं आणि सवयीनं पालथं केलं. बुडाशी सीताबर्डीच्या एका दुकानाची चिठ्ठी होती. दुकान नागपूरचं असण्यात काही वावगं नव्हतं. साहेब नागपूरलाच राहत होता. पण दुकानाच्या नावाखाली इंग्रजीत स्वच्छ छापलं होतं: नागपूर, एम.पी.

मी खोकं पटकन सरळ ठेवलं. अंगणातून आत येताना वडीलधारं माणूस न्हाताना दिसावं, तसं काहीतरी झालं. कानांपर्यंत गरम झालं. साहेब बोटीत बसून गेल्यावर निदान अडीच वर्षांनी ती चिठ्ठी छापली गेली होती.

इतकी वर्षं हे कोणाला कसं दिसलं नाही, याचं उत्तर सोपं होतं. एम.पी. ही अक्षरं पांढुर्ण्यात पाकिटांवर होती, पोत्यांवर होती, मामाजींच्या स्वतःच्या शिक्क्यात होती. दिवसभर तेच छापणाऱ्या माणसाला ती दिसणार कशी? नागपूरचा कोणी असता तर त्याला खटकलं असतं, की आपण कधी एम.पी. होतो बरं? आम्ही तर अजून होतोच.

मी कोणाला काही बोलले नाही. पण त्यानंतर मामाजी पाहुण्यांना घेऊन कपाटाशी गेले की मी स्वयंपाकघरात भांडी वाजवायला लागले. साहेबाचा आवाज काढताना ते जरा मान वर करत. ते मला बघवत नसे. एखादं माणूस आपल्यासमोर खोटं बोलत असेल आणि आपल्याला ते कळलंय हे त्याच्या गावीही नसेल, तर लाज त्याच्याऐवजी आपल्याला येते. ती का येते हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मग वडिलांचं पत्र आलं. संत्र्याच्या हंगामात, शाळेला सुट्टी आहे तर व्याह्यांना भेटून जातो.

मामाजी हरखले. व्याह्यांच्या विद्येची कीर्ती त्यांच्या कानावर होतीच. "एवढा जाणकार माणूस घरी येऊन राहिला, आन् आपण त्याले नुसतं पोहे खाऊ घालाचे?" त्यांनी शेजारचे दोन गृहस्थ बोलावून ठेवले, एक रेल्वेतून निवृत्त झालेले आणि एक सरकीचे व्यापारी. काही महिन्यांत मामाजी स्वतःही निवृत्त व्हायचे होते. मालधक्क्यावर निरोपाचा समारंभ ठरत होता आणि तिथं मेजावर ही गाडी मांडायची, असं त्यांनी मनात घेतलं होतं. जाणकारानं एकदा सर्वांसमोर सांगितलं की झालं.

मला डॉक्टर आठवले. डॉक्टरांचे आजोबा निदान आधीच वारलेले होते. मामाजींना पुढं याच गावात राहायचं होतं, आणि मला त्यांच्या घरात.

आदल्या दिवशी दुपारी मी कपाटातून खोकं काढून समोर घेऊन बसले. चिठ्ठी ओली करून निघाली असती. पण वडिलांचाच धडा होता, खरवडलेली चिठ्ठी म्हणजे कबुलीजबाब. शेवटी मी विणलेला रुमाल खोक्याखाली घालून चारी बाजूंनी टाचून टाकावा असं ठरवलं. सुईत दोरा ओवला तेवढ्यात सासूबाई दारात.

"काय करून राहिली व?"

"रुमाल लावते. शोभेल."

"खोक्याच्या बुडाले?"

मी सुई रुमालात खोचली. त्या खाली बसल्या, खोकं माझ्या हातून घेतलं, पालथं केलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हे दिसलं तुले?"

"हो."

"काय लिहून आहे?"

"दुकान. आणि नागपूर, एम.पी. म्हणजे साहेब गेल्यावरचं."

"ते मले नको सांगू. मी संगंच होती." त्यांनी पदरानं खोक्याचा कोपरा पुसला. "गोरे गेले तवा सगळ्यायले वाटे, आता यायले मोठा बाबू करतीन. एक वर्ष गेलं, दोन गेले. मंग हे नागपूरले गेले हापिसात, मलेबी नेलं, डोळे दाखवाचे होते माझे. मी धरमशाळेत. हे दिवसभर हापिसच्या बाकावर. आत आपलाच मानूस होता, पांढऱ्या टोपीचा. भेटला नाही. संध्याकाळी सीताबर्डीवर आलो. एका दुकानाच्या काचेत हे गाडी. म्हणे, तू थांब इथं."

"मग साहेब?"

"घरी आणल्यावर शेजारी पाहाले आले नं. आता सांगावं काय? एवढ्या मोठ्या मानसानं सोतासाठी खेळणं घेतलं म्हणून? तवा साहेब आला यायच्या तोंडात. मलेबी नवलच वाटलं, पण मी चाय ठेवाले उठली." त्यांनी खोकं सरळ केलं. "गोऱ्यानं काही देलं नाही, आपल्यायनंबी काही देलं नाही. मंग यायनं सोतालेच देलं. त्यात कोनाचं काय गेलं?"

त्यांनी रुमाल माझ्या मांडीवर परत ठेवला. "तुह्या बापाले समजन?"

"समजेल."

"अन् बोलन?"

"बोलतील," मी म्हणाले. "ते बोलतातच."

त्यांनी खोकं होतं तसं कपाटात ठेवून दिलं आणि चिवड्याचे पोहे चाळायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी वडील सकाळच्या मोटरनं आले. हातात संत्र्यांची टोपली. मामाजी ओट्यावरूनच ओरडले, "व्याही, पांढुर्ण्याले संत्रं? विहिरीले पाणी आणलं तुम्ही!"

"सौंसरचं आहे," वडील म्हणाले. "तुमच्याकडचं जरा आंबट म्हणतात."

"छोट्या लाईनीनं येता येता गोड झालं असन. वेळच तेवढा लागते." सरकीचे व्यापारी मोठ्यानं हसले. वडीलही हसले. मला वाटलं, असंच संध्याकाळपर्यंत चालावं.

चहाआधीच मामाजींनी गाडी काढली. सतरंजी गुंडाळून जमिनीवर रुळांचं वर्तुळ जोडलं, धोतर सावरत उकिडवे बसले, चावी दिली. इंजिन खडखडत निघालं. निवृत्तीला आलेला माणूस, मिशा पांढऱ्या; गाडी वळणावर आली की ते श्वास रोखत आणि वळण पार पडलं की ओठांतल्या ओठांत शिटी वाजवत. ती शिटी पाहुण्यांसाठी नव्हती. मी दारात तबक घेऊन उभी होते आणि मला पहिल्यांदा वाटलं, हकीकत सांगताना ते खोटे असतात, पण हा माणूस इथे अगदी खरा आहे. त्यानं माझी लाज कमी झाली नाही. उलट ती कुठं ठेवावी हेच कळेना.

मग त्यांनी साहेब सांगितला. त्या दिवशीचा साहेब बराच बोलला. शेवटी मामाजींनी खोकं दोन्ही हातांनी उचलून वडिलांपुढे धरलं. "आन् मूळ पॅकिंगसह! आता तुम्ही बोला, व्याही."

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, लावला. झाकण बघितलं. कोपरे बघितले. पुठ्ठा बोटांत चिमटून बघितला. मग खोकं पालथं केलं.

त्यांचा वरचा ओठ आत गेला. हा ओठ मी लहानपणापासून ओळखत होते. डॉक्टरांच्या वेळी तो असाच आत गेला होता. वडिलांनी मान वर केली आणि मामाजींकडे न बघता दाराकडे बघितलं. मी तबकाकडे बघत होते. किती वेळ ते मला ठाऊक नाही. लाडू सात होते एवढं आठवतं.

"काय म्हणते खोकं?" मामाजींनी विचारलं.

"सत्तेचाळीस," वडील म्हणाले.

"पक्कं?"

"पुठ्ठाच सांगतो. फार तर सेहेचाळीसची अखेर."

मामाजींनी शेजाऱ्यांकडे वळून दोन्ही हात पसरले, जणू दावा मंजूर झाला. निवृत्त गृहस्थ म्हणाले, "वा मास्तर!" वडिलांचे कान लाल झाले होते. मला हायसं वाटायला हवं होतं. मनोमन मी हेच मागत होते. पण वर्गात एका अक्षरासाठी पोरांना उभं करणारा माणूस माझ्यासाठी भर बैठकीत खोटं बोलला होता, तेही अगदी वाईट रीतीनं, आई जेवण कसं झालं विचारायची तेव्हा 'छान' म्हणायचा त्या आवाजात. सासूबाई पुढे आल्या. त्यांनी न विचारता वडिलांच्या बशीत दुसरा लाडू ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या व्याही. चाय थंडा होऊन राहिला."

एवढ्यावर भागलं असतं. पण मालबाबू तोंडी काही मानत नसे. "मंग एवढं लिहून द्या नं," मामाजी म्हणाले.

"लिहून?"

"हो नं, मास्तर," सरकीचे व्यापारी म्हणाले. "कागदावर आलं म्हणजे पक्कं. तोंडाचं काय, तोंड तर आम्हालेबी आहे."

वडिलांनी कागद मागितला. मामाजींनी घरातला सगळ्यात जाड कागद काढला. वडिलांनी मांडीवर पाट घेतला आणि आपल्या त्या वळणदार इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. सही करताना हात थांबला नाही. सहीच्या खाली पत्ता लिहिताना थांबला. दौतीत टाक बुडवून ते बराच वेळ तसेच बसले होते. मला वाटलं, आता टाक खाली ठेवतील. मग त्यांनी पत्ता पुरा केला आणि कागद फुंकून मामाजींच्या हातात दिला.

मोटरपर्यंत मी आणि मामाजी पोचवायला गेलो. मामाजी तिकिटासाठी पुढे गेले तेव्हा वडील मला एवढंच म्हणाले, "गाडी छान ठेवली आहे त्यांनी. वळणावर उतरत नाही."

"बाबा..."

"सासू चांगली आहे तुझी," ते म्हणाले आणि मोटरीत चढले.

त्यानंतर त्यांनी कोणाला साल सांगितलं नाही. कोणी खोकं घेऊन आलं तर डोळ्यांचं कारण सांगत. ती सगळी खोकी आईच्या ताब्यात गेली. ती त्यात वाळवणं ठेवायची. लढाईच्या आधीच्या खोक्यात पापड अधिक टिकतात, असं तिचं मत होतं.

मामाजींच्या निरोपाच्या समारंभात मेजावर गाडी होती, खोकं होतं आणि चौकटीत बसवलेला तो कागद होता. पुढे तो कागद कपाटाच्या वर टांगला गेला. मी रोज त्याची काच पुसत असे, पण त्यावर नजर टाकत नसे. नव्या सुनेनं मान खाली ठेवावी अशी अपेक्षा असल्यामुळे कोणाला त्यात वेगळं काही दिसलं नाही. पुढे मी जुनी झाले तरी सवय गेली नाही. माझ्या वडिलांचं एकमेव लेखी खोटं बैठकीत टांगलेलं होतं आणि ते माझ्या नावानं लिहिलेलं होतं, एवढं मला न वाचताही ठाऊक होतं.

वडील गेले, मामाजीही गेले. एका पावसाळ्यात चौकटीची दोरी कुजून ती खाली पडली. काचा वेचता वेचता कागद हातात आला आणि मी तो पहिल्यांदा वाचला. चार ओळींत सत्तेचाळीस होतं, साहेबाचा आदरपूर्वक उल्लेख होता, मूळ पॅकिंग होतं. तारीख घातलेली नव्हती. खाली सही, आणि सहीखाली ज्या माणसानं पोस्टकार्डांवरचं एकेक सी.पी. खोडलं होतं, त्याच्याच स्वच्छ अक्षरात पत्ता: सौंसर, सी.पी.

वडिलांच्या नियमानं हा कागद पन्नास सालाच्या आधीचाच धरावा लागतो. म्हणजे माझ्या लग्नाच्या किमान सात वर्षं आधी माझे वडील व्याह्यांकडे चहाला गेले होते, आणि त्यांनी दोन लाडू खाल्ले होते.